डबीवरचा नंबर

आज साताऱ्यात नेमबाजीच्या रेंजवर पुतणीची गोळी दहाऐवजी सरळ खाली नऊच्या वर्तुळात बसली. वारा नाही, ट्रिगरही छान सुटलेला. शेजारचे निवृत्त सुभेदार म्हणाले, "पोरी, हाताला दोष देऊ नको. काडतुसांच्या डबीवरचा लॉट नंबर बघ." म्हणजे काडतुसं कोणत्या खेपेत बनली, तो आकडा.

एखाद्या खेपेत काडतुसातली दारू (गोळी उडवणारी भुकटी) किंचित कमी भरली की वेग घटतो, गोळी खाली जाते. आणि ५० मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिमी!

मोठ्या रायफलीची काडतुसं परदेशातले हौशी नेमबाज दारू तोलून स्वतः भरतात. पॉइंट टू टूला, म्हणजे ०.२२ इंची छोट्या काडतुसाला, तीही सोय नाही. पेट घेणारा मसाला काडतुसाच्या कडेतच असतो, तो घरी पुन्हा भरता येत नाही. म्हणून मोठे खेळाडू वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून बघतात, जमेल तोच लॉट साठवतात.

आपल्या पोरांना मात्र मिळेल ती डबी. निवडचाचणीत एका गुणानं राहिलेल्याला काय सांगायचं?