भावाच्या विसराळूपणाची तपासणी

माझा धाकटा भाऊ ४६ वर्षांचा असून त्याला डाऊन सिंड्रोम आहे. सांगलीतील आमच्या हळदीच्या दुकानात शंभर ग्रॅमच्या पुड्या भरण्याचे काम त्याचे. गेल्या पावसाळ्यापासून तो रिकाम्याच पिशव्या सील करून ओळीने मांडू लागला. पहिल्या डॉक्टरांनी "अशा मुलांचे असेच चालायचे" म्हणून आमची बोळवण केली. शेचाळिशीतल्या माणसाला मूल म्हणणे मला तेव्हाही खटकले होते.

मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मात्र नीट समजावले. डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचे गुणसूत्र जादा असते आणि अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाशी संबंधित जनुक त्याच गुणसूत्रावर असल्याने चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल दिसतात. लक्षणे मात्र बहुधा पन्नाशीच्या आसपास उमटतात. तारीख विचारणारी, शंभरातून सात वजा करायला लावणारी ३० गुणांची नेहमीची चाचणी इथे निरुपयोगी, कारण ती वजाबाकी त्याला कधीच येत नव्हती. तुलना करायची ती त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या क्षमतेशी.

म्हणून आम्हाला प्रश्नावली दिली गेली. त्यातील प्रत्येक गोष्ट त्याला पूर्वीपासूनच जमत नव्हती, की अलीकडे जमेनाशी झाली, हे वेगवेगळे नोंदवायचे होते. खरी कसोटी आमचीच लागली. आईच्या मते शर्टाची बटणे त्याला कधीच लावता येत नव्हती. वहिनीने पुतणीच्या बारशाचा व्हिडिओ काढून दाखवला, तर त्यात तो झब्ब्याची बटणे स्वतः लावताना स्पष्ट दिसत होता. आई रोज न सांगता ती लावून देत असल्यामुळे ही क्षमता केव्हा गेली, ते घरात कोणाच्या लक्षातच आले नव्हते. त्याच्या शाळेच्या जुन्या वह्याही डॉक्टरांनी मागवून पाहिल्या.

स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी इतर कारणे आधी वगळावी लागतात. थायरॉइड, बी-१२, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य, दृष्टी आणि श्रवण हे सारे तपासले गेले. थायरॉइड मंदावलेले निघाले, कानात मळ साचलेला होता आणि एका डोळ्यात मोतीबिंदू आढळला. औषधोपचारानंतर त्याचे बोलणे वाढले, हाकेला तो लगेच ओ देऊ लागला. पुड्यांचा गोंधळ तसाच राहिला. त्यामुळे निदान अजून 'संशयित' एवढेच आहे. सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली शक्यतो त्याच माणसांनी भरायची आहे आणि या वेळी आईची व वहिनीची उत्तरे डॉक्टर वेगवेगळी घेणार आहेत.