तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी टायफॉईड कसा ‘निघतो’?

सोयाबीन सोंगणीच्या सुमारास हा प्रश्न हमखास येतो: ‘पोराच्या रक्तात गेल्या साली टायफॉईड निघाला, औंदाही निघाला. शरीर जंतू ओळखायला शिकतं म्हणता, मग पुन्हा कसा?’

‘निघाला’ म्हणजे बहुतेकदा विडाल नावाची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली. ही चाचणी जंतू शोधतच नाही. 1896 पासून ती शोधते प्रतिपिंडं, म्हणजे जंतू ओळखायला शरीरानं बनवलेली प्रथिनं. रिपोर्टवर दिसणारं ‘ओ’ म्हणजे जंतूच्या आवरणावरच्या साखरेच्या साखळ्या, ‘एच’ म्हणजे त्याच्या शेपटीचं, कशाभिकेचं प्रथिन.

गंमत अशी की याच दोन वस्तूंवर जन्मजात पहाराही असतो, पण तो दुसऱ्या टोकाला. टीएलआर-4 हा ग्राहक (पेशीवरचं जंतू ओळखणारं प्रथिन) साखळीच्या बुडाशी असलेला मेदाचा भाग पकडतो, टीएलआर-5 कशाभिकेच्या प्रथिनाचा आतला भाग. तो भाग बदलला तर कशाभिका सहसा जुळतच नाही, म्हणून जंतूला तो बदलणं परवडत नाही. प्रतिपिंडं मात्र मुख्यतः बाहेरचा, जातीजातीत बदलणारा भाग धरतात. टायफॉईडचा जंतू दोन्ही लपवतो: अंगावर ‘व्हीआय’ नावाचं पांघरूण घेतो, कशाभिका बनवणं आवरतो. म्हणून सुरुवातीला शरीर सावकाश जागं होतं आणि पहिल्या आठवड्यात विडाल निगेटिव्हही येते.

उलट फसगत, म्हणजे टायफॉईड नसताना पॉझिटिव्ह येणं, जास्त होते. ओ-12 ही साखर इतर साल्मोनेलांवर, म्हणजे टायफॉईडच्या जंतूच्या भाऊबंदांवरही असते. एचची प्रतिपिंडं जुन्या आजारानंतर महिनोन् महिने टिकतात. हिवतापानंही जुनी प्रतिपिंडं वर येतात. त्यात स्लाइडवरच्या (काचपट्टीवरच्या) झटपट चाचणीची घाई. 20 मायक्रोलिटर सीरमवर (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) अँटिजेनचा, म्हणजे मारलेल्या जंतूंच्या द्रावणाचा एक थेंब टाकून 1 मिनिट हलवायचं. गुठळी आली तर टायटर (प्रतिपिंडं किती आहेत ते सांगणारा आकडा) 80. मिनिटापेक्षा जास्त ठेवलं की कडा सुकतात आणि सुकलेले कण गुठळीसारखे दिसतात. नळीतली चाचणी बरी. 37 अंशांवर रात्रभर ठेवल्यावर ओचे बारीक दाणे दिसतात, एचचे रुईसारखे मऊ पुंजके.

एका रिपोर्टवर विसंबू नका. 7 ते 10 दिवसांनी दुसरा नमुना द्या. टायटर चौपट झाला, समजा 80 वरून 320, तरच त्याला वजन आहे. त्याहून खात्रीचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं. मोठ्या माणसाचं 8 ते 10 मिली रक्त, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. जंतू रक्तात फार विरळ असतात, म्हणून 2 मिलीत हाती लागणं कठीण. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही.

आणि हे कळकळीनं सांगतो. पावसाळ्यात शेतातून आलेल्या तापाच्या माणसाची काख, जांघ, कंबर नीट बघा. विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर तो स्क्रब टायफस, म्हणजे वेगळ्याच जंतूचा ताप असू शकतो. 2018 मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. त्याचा जंतू पेशीच्या आत राहतो, टीएलआर-4 ज्याला ओळखतो ते आवरण त्याच्याकडे नाहीच. टायफॉईड समजून दिलेलं सेफ्ट्रिॲक्सोन त्याच्यावर चालत नाही, डॉक्सीसायक्लिन लागतं. खपली नसली तरी शंका डॉक्टरांना बोलून दाखवा, आणि हिवतापाची रक्तपट्टी त्याच दिवशी करून घ्या.