गाउदीच्या गावात: मान वर करायच्या आधी

बार्सिलोनात सगळे टुरिस्ट मान वर करून फिरतात, पण पसेच दे ग्रासियावर आलात की आधी पायाखाली बघा. फूटपाथच्या षटकोनी फरश्या इथला प्रसिद्ध वास्तुकार आंतोनी गाउदी याच्या डिझाइनवरून केल्यात. एकट्या फरशीवर कुठलंच चित्र पुरं होत नाही, शेजारच्या जोडल्या की मग शंख, स्टारफिश, समुद्रातलं शेवाळ असं काय काय दिसायला लागतं. लोक त्यावरून बॅगा ओढत खुशाल चाललेले असतात.

त्याच रस्त्यावर कासा बात्यो आहे. जुनंच घर, गाउदीने ते 1904 ते 1906 मध्ये पार बदलून टाकलं. बाहेरून हाडांसारखे खांब, ड्रॅगनच्या पाठीसारखं छप्पर वगैरे, सेल्फीवाल्यांची तोबा गर्दी. मला खरं सांगायचं तर तो दर्शनी भाग जरा जास्तच नाटकी वाटला. पण आतला चौक बघितला आणि गडी मानला! भिंतींच्या टाइल्स वर गडद निळ्या आणि खाली उतरत जावं तशा फिकट होत जातात, खिडक्याही वर लहान आणि खाली मोठ्या, कारण वर ऊन भरपूर असतं आणि तळमजल्यापर्यंत उजेड पोचवायचा असतो. खिडक्यांखाली लाकडी झडपा आहेत, माशाच्या कल्ल्यांसारख्या, हव्या तेवढ्या उघडायच्या, हवा खेळती राहते. म्हणजे समुद्र नुसता शोभेला नाही आणलेला, त्याला कामाला लावलाय. दाराचं पितळी हँडल धरलं तर बोटं आपोआप जागेवर बसतात, एवढ्याशा वस्तूचाही एवढा विचार!

पुढे गाउदीचीच दुसरी इमारत, कासा मिला, तिच्या पोटमाळ्यावर विटांच्या 270 कमानी आहेत, एखाद्या अजस्र प्राण्याच्या बरगड्यांतून चालतोय असंच वाटतं. हे गणित सोपंय, साखळीची दोन टोकं धरून ती सैल सोडली की जो बाक येतो तोच उलटा केला की कमान, वजन सरळ खाली उतरतं. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल या कामगार वसाहतीतल्या चर्चसाठी गाउदीने दोऱ्यांना छोट्या वजनाच्या पिशव्या टांगून अख्खं मॉडेलच उलटं लटकवलं होतं.

सग्रादा फामिलिया या त्याच्या अवाढव्य चर्चमध्ये खांबांना वर झाडासारख्या फांद्या फुटतात. 1882 ला सुरू झालेलं काम गाउदीकडे 1883 ला आलं, 1926 मध्ये ट्रामची धडक बसून तो गेला, आणि काम पुढे चालूच राहिलं. दुपारनंतर जा, पश्चिमेच्या काचांतून लाल-केशरी उजेड येतो.

तिकिटं सगळीकडची महाग आहेत हो, आणि आधी ऑनलाइन काढलेली बरी. बजेटमध्ये एकच घर बसत असेल तर बात्यो घ्या, आणि ऑडिओ गाइड बंद करून आधी त्या चौकाच्या जिन्याने सावकाश वर जा.