चाळीसच्या पुढं थरथर

आमच्या कडब्याच्या शेडात दोन वर्षं झाली कडबा नाही, जीप उभी आहे. आता तिला जीप म्हणावं का नाही ह्यावर पण घरात एकमत नाही. आई 'ती गाडी' म्हणते, बायको 'तुमचं ते' म्हणते, आन आप्पा काहीच म्हणत नाहीत, फक्त रोज सकाळी धार काढून येताना शेडाच्या दारात चरवी घेऊन थांबतात, एकदा पुढून मागंपर्यंत बघतात आन विचारतात, "ह्यात भरणार काय?"

हॉट रॉड पिकप करायलोय, हे आप्पांना सांगून उपयोग नव्हता. तुम्हाला सांगतो.

हे खूळ मूळचं कॅलिफोर्नियातलं. तिकडच्या पोरांनी १९३० च्या पुढं जुन्या फोर्ड स्वस्तात घ्यायच्या, मडगार्ड, बंपर, बॉनेट, जे जे वजन वाटतंय ते काढून फेकायचं, गाडी जमिनीला खेटवायची आन पुढं तगडं इंजिन बसवायचं असा उद्योग लावला. १९३२ ला फोर्डनं व्ही-८ काढलं, ६५ हॉर्सपॉवरचं, साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत, आन काही वर्षांनी तीच इंजिनं भंगारात सापडायला लागल्यावर पोरांना काय, रानच मोकळं. गाड्या पळवायला जायचे मुरॉक आन एल मिराज नावाच्या कोरड्या तळ्यांवर, कारण तिथला तळ फरशीसारखा सपाट. १९३७ ला तर सगळ्या क्लबांनी मिळून घड्याळ लावून स्पीड मोजायला एक असोसिएशन पण काढली. कोरडं तळं म्हणलं की आपल्याला २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आठवतं, त्यांना रेस आठवायची, ज्याचं त्याचं नशीब.

आता आमची जीप. जुनी महिंद्राची पेट्रोल, पुढच्या-मागच्या चाकांत ९१ इंच अंतर असलेल्या लांब चेसीची, आजोबांच्या वेळची. मागचा टप, म्हणजे बॉडीचा मागचा भाग, कधीतरी आप्पांनीच कापून तिथं पत्र्याचा हौदा बसवून घेतला होता, म्हणजे पिकप मी केली नाही, ती आधीच पिकप होती. किल्लारीच्या भूकंपाला, ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, त्या सकाळी आप्पा ह्याच गाडीत भाकरी, चादरी आन पाण्याच्या घागरी टाकून तिकडं गेले होते आन चार दिवस परत आले नाहीत. येताना हौदा रिकामा होता, फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झडप, वाकलेला. तो कशानं वाकला ते त्यांनी कधी सांगितलं नाही आन मी पण तो सरळ केलेला नाही, बाकी सगळा पत्रा ठोकून ठोकून आरशासारखा केला तरी.

इंजिन मात्र मेलेलं. हे जुनं हरिकेन इंजिन मोठं मजेशीर असतं, इनटेकचे वॉल्व वर हेडमध्ये आन एक्झॉस्टचे खाली बाजूला ब्लॉकमध्ये. त्यानं इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट पण उंच करावं लागलं, त्या मॉडेलच्या जीपला ते उभट कपाळ आहे ना, ते त्यामुळं. दोनदा बोर करून, म्हणजे सिलिंडर आतनं कातून मोठे करून, झालेलं, तिसऱ्यांदा करायला मटेरियलच नव्हतं. मग हैदराबादहून अ‍ॅम्बेसिडरचं १८०० चं इसुझू पेट्रोल आणलं, पाच गिअरच्या बॉक्ससकट, बावीस हजाराला, वर टेम्पोचं भाडं. जाणकार म्हणतील कागदावर दोन्ही पंचाहत्तर हॉर्सपॉवरच्याच आसपास, मग मिळवलं काय. मिळवलं हे की जुन्याला तीन गिअर आन ते साठला गेलं की रडायचं, हे वर चढायला तयार असतंय, आन आवाज. आवाजाबद्दल लिहीत नाही, शेजाऱ्यांना विचारा.

नवीन इंजिन बुटकं असल्यामुळं त्या उंच बॉनेटखाली वर चांगली फूटभर जागा रिकामी राहिली. बॉनेट बारीक करावं म्हणून मापं काढायला लागलो तर तिथं मांजरीनं तीन पिल्लं घातलेली. आईनं सांगितलं, पिल्लांचे डोळे उघडून ती चालायला लागेपर्यंत ग्राइंडर लावायचा नाही. पंचवीस दिवस काम बंद. तेवढ्यात मला पण वाटायला लागलं की बॉनेट उंचच बरं दिसतंय, कापलं असतं तर ती जीपच राहिली नसती.

होम गॅरेज म्हणल्यावर फोटोत दिसतं तसं काही डोळ्यापुढं आणू नका. कडब्याचं शेड, वर पत्रे, खाली मुरूम, गाडीखाली जाऊन पाठीला खडे टोचतात म्हणून एक जुनं पोतं. चेन कुप्पी लटकवायला पत्र्याच्या अँगलचा भरवसा नव्हता म्हणून आंब्याच्या फांदीला लावून इंजिन उचललं. एक इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, दोन ग्राइंडर, एक ड्रिल, आन पान्यांचा डबा जो कधीच पूर्ण भरत नाही, चौदाचा पाना कायम कुणीतरी मोटार काढायला नेलेला. दिवसा व्होल्टेज इतकं पडतं की रॉड चिकटतो, आर्क धरतच नाही, म्हणून वेल्डिंग सगळं रात्री दहाच्या पुढं. चेसीला तीन-पंधराचा (३.१५ मिलिमीटर) रॉड, पत्र्याला अडीचचा, आन पत्र्याला सलग ओढायचं नाही, एक टाका इकडं, एक तिकडं, मधी ओलं पोतं ठेवून गार करायचं, नाहीतर उष्णतेनं पत्रा पापडासारखा फुगतो. हे मी एक दार वाया घालवून शिकलो. दार आता कोंबड्यांच्या खुराड्याला आहे.

मागचं हाउसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आडवा सांगाडा, पण अ‍ॅम्बेसिडरचंच टाकलं. जीपचं राहू दिलं असतं, पण जीपचा गोळा, म्हणजे हाउसिंगवरचा फुगीर डिफरन्शियल, जो फिरकी दोन्ही चाकांना वाटतो, मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो, कारण फोर बाय फोरच्या डब्यातनं गोळ्याकडं फिरकी नेणारा शाफ्ट तसा बाजूनं येतो. मी तो डबाच काढून टाकला, आता गिअरबॉक्स मधी आन गोळा बाजूला असं कसं चालेल. अ‍ॅम्बेसिडरचा गोळा मधी, आन हाउसिंग थोडं रुंद, त्यामुळं मागची चाकं दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर आली आन गाडी पाय फाकवून बसल्यासारखी दिसायला लागली, म्हणजे मला पाहिजे होतं तश्शी. कमानीचे पाटे कमी करून खाली घेतली. ओळंबा लावून, कोनमापक लावून, इंजिन मागं जेवढं कललंय तेवढाच गोळ्याचा कोन धरून बैठका वेल्ड केल्या. ह्या कामाचा मला लई अभिमान होता.

तर पहिल्यांदा गाडी बाहेर काढली ती पांदणीनं, आमच्या मळ्यापर्यंत दीड किलोमीटर. रस्त्यावर काढायची नाही हे आधीच ठरलेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ तपशिलात असा मनानं बदल चालत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे खरी, पण त्याला गाडी मुळासारखी पाहिजे, आमच्यात मूळ म्हणजे कपाळ आन वाकलेला फाळका. तेव्हा पांदण आन मळा, आपली तेवढीच कोरडी तळी.

वीसला छान. तीसला छान. चाळीसला गाडी अशी थरथरायला लागली की डॅशवरचा आरसा निसटून मांडीवर पडला. ब्रेक मारला, परत घेतली, परत चाळीसला तेच. पायाखालचा पत्रा झिणझिण करायला लागला, माझे दात वाजायला लागले. पस्तीसला आणलं की गप्प.

मग तीन आठवडे मी काय काय केलं ते लिहायला लाज वाटते. चारी चाकं बॅलन्स करून आणली. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे कोनात वळणारे सांधे, नवीन टाकले. इंजिन माउंटची रबरं बदलली. शेवटी हाउसिंगच वाकडं आहे असं ठरवून ते खोलायला घेतलं. आप्पा दारात येऊन बघायचे, पण त्या दिवसांत भरणार काय हे विचारणं त्यांनी बंद केलं होतं, ते मला जास्त लागलं.

मग चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे आमच्या आजोबांपासूनचे मिस्त्री, आता हात थरथरतात म्हणून काम सोडलंय. आले, बिडी विझवली, खाली पोत्यावर आडवे झाले. पाना मागितला नाही, जॅक मागितला नाही. शाफ्टच्या पुढच्या टोकाला क्रॉस धरणारे जे दोन कान असतात त्यावर बोट ठेवलं, मागं सरकत गेले, मागच्या कानावर बोट ठेवलं, आन तसेच पडून हसायला लागले.

"ये शाफ्ट कौन काटा रे?"

"मीच की, चाचा."

"खडू नै था घर में?"

मला काही कळेना. तर गोष्ट अशी. क्रॉसचा जॉइंट कोनात फिरतो तेव्हा तो एकसारखा फिरत नाही, गिअरबॉक्स एकसारखा फिरवत असला तरी शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो आन दोनदा मागं रेंगाळतो. मागचा जॉइंट नेमकं उलटं करून ते फेडून टाकतो आन गोळ्याला एकसारखी फिरकी मिळते. पण त्यासाठी पायपाच्या दोन्ही टोकांचे कान एका रेषेत पाहिजेत. ते वळलेले असले की फेड पुरती होत नाही, आन स्पीड वाढला की झटके वाढत जातात. माझे कान वीस-पंचवीस अंशानं वळलेले. शाफ्ट आखूड करताना पाईप मी घरीच कटिंग व्हीलनं कापला होता आन दोन तुकडे घेऊन लेथवर गेलो होतो. कापायच्या आधी पायपावर लांबीत एक खडूची रेघ ओढली असती तर रेघेला रेघ लावून वेल्ड झाला असता. लेथवाल्यानं विचारलं पण होतं, "मालक, मार्किंग कुठाय?" मी म्हणलं, "मापात आहे ना, दे मारून." त्यानं मारून दिला, अगदी सरळ मारला. त्याची चूक काहीच नाही.

कोनमापकानं गोळ्याचा अर्धा-अर्धा अंश मोजणारा माणूस मी, आन रुपयाचा खडू विसरला.

दुसरा पाईप आणला, ह्या वेळी पोराच्या दप्तरातला खडू घेतला, रेघ ओढली, चाचांना व्हिडिओ कॉलवर दाखवली मगच कापली. बसवून पांदणीनं काढली. चाळीस. पंचेचाळीस. पन्नासला पुढं बैलगाडी आली म्हणून थांबलो, पण आरसा जागेवर होता.

मग राहिलं होतं ते हौद्याचं काम. तिकडं ह्या पिकपांच्या हौद्यात लाकडी पट्ट्या टाकून पॉलिश मारायची पद्धत आहे, मधी स्टीलच्या चकचकीत पट्ट्या. आमच्याकडं आजोबांच्या बैलगाडीचा साटा माळवदावर पडून होता, बाभळीच्या फळ्या, दगडासारख्या. रंधा मारताना दोन पाती गेली पण आतनं असा लालसर रंग निघाला की मी आईला हाक मारून दाखवला. तीन कोट पॉलिश, दर कोटाला पेपर मारून. पावसाळ्यातलं ढग त्यात दिसायचं, खोटं वाटेल, पण फोटो आहे माझ्याकडं.

पॉलिश वाळवून मी सोमवारी दुकानावर गेलो. संध्याकाळी येतो तर शेड मोकळं. किल्ली खुंटीवर नाही. बायकोला विचारलं तर ती हसायलीय, सांगेना. मळ्याकडं चालत निघालो तर पांदणीनं आवाज आला, मला गिअरवरनंच कळलं चालवणारा पाचवा टाकत नाहीये, तिसऱ्यावरच ओढायलाय.

आप्पांनी गाडी माझ्याजवळ थांबवली. वाकलेला फाळका साखळीनं बांधलेला, हौदा वरपर्यंत शेणखतानं भरलेला, वर फावडं खोचलेलं.

"पाच खेपा झाल्या," आप्पा म्हणले. "बस, अजून दोन राहिल्यात."