१८० एमबीचा सेटअप, ४ एमबीचा पॅच आणि मधली कटकट

पॅच, म्हणजे प्रोग्रॅममधली छोटी दुरुस्ती, चालवला. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली, खिडकी निमूटपणे बंद झाली. प्रोग्रॅम उघडला तर आतलं काहीच बदललेलं नाही. विंडोज इन्स्टॉलरवरचा, म्हणजे विंडोजमध्ये प्रोग्रॅम बसवणाऱ्या यंत्रणेवरचा, माझा राग इथून सुरू होतो. एरर देऊन अडला असता तर निदान शोधायला एक आकडा तरी हाती लागला असता.

आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी आहे. ठेवी, कर्ज, पिग्मी, रोजकीर्द, सगळं त्यात. शाखा खेडोपाडी, आणि तिथलं इंटरनेट म्हणजे बऱ्याचदा क्लार्कच्या मोबाईलचा हॉटस्पॉट. व्याजाच्या हिशोबातली एक चूक दुरुस्त केली तरी आम्ही १८० एमबीचा अख्खा सेटअप पाठवायचो. मग फोन यायचे, "साहेब, ९० टक्क्यांवर तुटलं, परत पहिल्यापासून उतरवायचं का?" शेवटी छोटे पॅच काढायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

वाचायला सोपं वाटतं. मेजर अपग्रेड म्हणजे जुनं काढून नवं बसवणं, त्यात प्रॉडक्ट कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा ओळख-क्रमांक, बदलतो. मायनर अपग्रेड आणि स्मॉल अपडेटमध्ये प्रॉडक्ट कोड तोच राहतो, आणि एमएसपी (पॅचची फाइल) पॅच बहुतेक वेळा या दोघांसाठी काढतात. सेटअप बांधायला आम्ही विक्स वापरतो, अजून आवृत्ती ३. त्यात टॉर्च नावाचं टूल जुन्या-नव्या एमएसआयमधला, म्हणजे सेटअपच्या फाइलींमधला, फरक काढतं आणि पायरो त्याचा पॅच बांधतं. आमच्या बिल्डमध्ये, म्हणजे कोडवरून सेटअप तयार करताना, प्रॉडक्ट कोड दर वेळी नवा तयार होत होता, म्हणून आधी १६४२ हा एरर आला: ज्याला अपग्रेड करायचं तो प्रोग्रॅमच सापडत नाही. कोड पक्का केला, एरर गेला. त्या दिवशी मी घरी लवकर गेलो, याचं आता हसू येतं.

कारण त्यानंतर आला तो वर सांगितलेला 'यशस्वी' पॅच.

अशा वेळी लॉगशिवाय काही कळत नाही, म्हणून तो आधीच लावून ठेवा. सेटअप चालवणाऱ्या एमएसआयएक्झेकला पूर्ण लॉगचा पर्याय दिला की हजारो ओळींची फाइल मिळते. त्या ढिगाऱ्यात सेलएमजीआर या नावाने सुरू होणारी ओळ होती. तिचा मतितार्थ असा: अमुक कंपोनंट (एकत्र बसणाऱ्या फाइलींचा गट) या फीचरखाली (कंपोनंटांचा मोठा गट) नोंदलेला आहे पण नव्या एमएसआयच्या तक्त्यात दिसत नाही, आणि फीचरमधून कंपोनंट काढून टाकणं चालत नाही. हे वाचून मी चक्रावलो, कारण आम्ही काहीच काढलं नव्हतं. एक डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमच्या कोडची एक फाइल, बदलली होती, बस्स.

दोन्ही एमएसआय, आतले तक्ते दाखवणाऱ्या ऑर्कामध्ये शेजारी शेजारी उघडले. हे टूल विंडोज एसडीकेबरोबर येतं, दिसायला जुनाट पण अशा वेळी त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. कंपोनंटच्या तक्त्यात फाइलींची नावं तीच, फोल्डर तेच, पण जीयूआयडी, म्हणजे प्रत्येक कंपोनंटचे लांबलचक ओळख-क्रमांक, एकूण एक वेगळे. आणि विंडोज इन्स्टॉलर फाइलीला नावाने ओळखतच नाही, ओळखतो तो कंपोनंटच्या जीयूआयडीने. त्याच्या दृष्टीने आम्ही जुना सगळा माल काढून दुसराच भरला होता. मग तो ते फीचर 'ॲडव्हर्टाइज्ड' अवस्थेत टाकतो, म्हणजे फक्त जाहीर केलेलं, आणि त्यातल्या फाइलींना हात न लावता पुढे जातो. वर यशस्वी म्हणून कळवतो!

कारण एका जुन्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये होतं, ती लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला. स्क्रिप्ट रोज रात्री हीट हे विक्सचं टूल चालवून फाइलींची यादी नव्याने बनवायची, आणि तीही 'जीजी' पर्यायाने, जो त्या क्षणी ताजे जीयूआयडी पाडतो. 'एजी' असता तर जीयूआयडी फाइलीच्या ठिकाणावरून ठरला असता आणि दर बिल्डला तोच राहिला असता. एका अक्षराचा फरक. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मेजर अपग्रेड आधी सगळं उपटून काढायचा.

पुढचं दुखणं असं की जुन्या कोडवरून पुन्हा बिल्ड करून उपयोग नाही, पुन्हा नवेच जीयूआयडी. ग्राहकाकडे गेलेला एमएसआय हवा, तोच, दुसरा नाही. तो आमच्या रिलीज विभागाकडे असायला हवा होता. तिथे फॉर्म भरावा लागतो. फॉर्ममध्ये 'कारण' असा रकाना, त्याखाली 'व्यावसायिक गरज' असा आणखी एक रकाना, आणि मंजुरीसाठी अशा वरिष्ठांचं नाव जे त्या आठवड्यात रजेवर. विचारायला गेलं की "प्रोसेसमध्ये आहे". मी त्यांच्या टेबलाशेजारी उभा राहून चहा प्यायलो आहे, तरीही प्रोसेसमध्येच. अखेर उत्तर आलं की सर्व्हरवर जागा करण्यासाठी जुने बिल्ड काढून टाकलेत.

सुटका झाली ती एका शाखेच्या संगणकामुळे. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत इन्स्टॉलर नावाचा लपवलेला फोल्डर असतो. बसवलेल्या प्रत्येक एमएसआयची प्रत तिथे भलत्याच नावाने पडून असते. एक्सप्लोररमध्ये 'सब्जेक्ट' हा रकाना चालू केला की कुठली फाइल कुठल्या प्रोग्रॅमची ते दिसतं. विंडोज ७ च्या आधी या प्रतीतून आतली कॅब (फाइली दाबून भरलेलं गाठोडं) काढून टाकली जायची, आता ती तशीच राहते. त्यामुळे कॅब एमएसआयच्या आतच ठेवली असेल, तर अख्खा माल हाती येतो. आमचं नशीब एवढं चांगलं होतं. विक्सच्याच डार्क या टूलने तो एमएसआय उलगडला, त्यातले जीयूआयडी काढून कोडमध्ये कायमचे लिहिले, कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये टाकले, आणि रात्रीचं हीट बंद केलं. नवी फाइल आली की तिचा कंपोनंट आता हाताने लिहितो. कंटाळवाणं आहे, पण झोप लागते.

त्यानंतरचा पॅच ४ एमबीच्या आत बसला. पायरो डेल्टा पॅचही करतो, म्हणजे फाइलीतला बदललेला भागच पाठवायचा. आम्ही त्या वाटेला गेलो नाही, अख्खी डीएलएलच इतकी लहान होती.

यातून शिकलेलं, आठवतंय तसं सांगतो. प्रत्येक पॅच मूळ रिलीजवरून काढा, आधीच्या पॅचवरून नाही. नाहीतर मधला एक पॅच न बसवलेली शाखा हमखास भेटते. ग्राहकांकडे दोन-तीन आवृत्त्या असतील तर सर्वांत जास्त ठिकाणी असलेली धरा आणि बाकीच्यांना एकदाच मोठा सेटअप देऊन तिच्यावर आणा. आवृत्तीचा आकडा वाढवताना लक्षात ठेवा, प्रॉडक्ट व्हर्जनचे पहिले तीनच भाग मोजले जातात, ४.२.१.७ आणि ४.२.१.८ इन्स्टॉलरला एकच.

पासबुक छपाईच्या नमुन्याची एक गंमत आहे. फाइलीला आवृत्ती नसेल आणि शाखेने तिच्यात बदल केला असेल, तर इन्स्टॉलर ती बदलत नाही. समास जुळवायला तास घालवलेले क्लार्क यावर खूश असतात. पण तुम्हाला त्याच नमुन्यात दुरुस्ती द्यायची असेल तर वेगळ्या नावाने द्या.

आणि पॅच परत काढता येईल असा बांधा, विशेषतः ३१ मार्चच्या आसपास. पॅच काढला की फाइली पुन्हा आधीच्या होतात, डेटाबेसच्या तक्त्यांतले बदल मात्र तसेच राहतात. म्हणून तक्त्यांना हात लावणारं काम आम्ही पॅचमध्ये घालतच नाही.

शाखेतला संगणक दुरुस्तीवाला जागा करायला तो इन्स्टॉलर फोल्डर उडवतो, ही वेगळीच डोकेदुखी. मग पॅच मूळ सेटअप कुठे आहे असं विचारत बसतो. मूळ एमएसआय शाखेच्या डी ड्राइव्हवरही ठेवायला आम्ही आता सांगतो, आणि आमच्याकडची प्रत मी रिलीज विभागाच्या भरवशावर सोडलेली नाही.