शेजारच्या कुलपामागचे उंदीर

आमच्या घरातले उंदीर जायला साडेतीन महिने लागले आणि त्यातले सात आठवडे एका चावीपायी गेले. आता रात्री माळ्यावर खुडबुड नाही, मी सलग झोपते, तरी त्या सात आठवड्यांचा राग अजून उतरलेला नाही. जुन्या घरात राहणाऱ्या आणि पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं कंत्राट न परवडणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून काढतेय.

घर बडोद्याचं, रावपुऱ्याच्या आतल्या गल्लीतलं. विटा-चुन्याच्या भिंती, लाकडी तुळया, खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर पत्र्याखालचा माळा. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक. मी घरून डबे देते, रोज बारा. त्यामुळे गहू, तांदूळ, डाळी घरात कायम भरलेल्या. डब्यात कुणाला एक लेंडी सापडली असती तर माझं काम त्याच दिवशी बंद पडलं असतं, हे आधी सांगते, म्हणजे मी इतकी का धावले ते कळेल.

जूनच्या शेवटी तांदळाच्या डब्याच्या झाकणावर लेंड्या दिसल्या, जिऱ्याएवढ्या, टोकाला निमुळत्या. म्हणजे घरातला लहान उंदीर. घुशीची लेंडी अर्ध्या इंचाहून मोठी असते. आणि रात्री चिकचिक आवाज करत भिंतीकडेनं पळणारी, उग्र वासाची ती चिचुंद्री. ती किडे खाते, धान्याच्या मागे नसते. आधी हे ओळखा, कारण घुशीसाठी लावलेल्या मोठ्या पिंजऱ्याच्या गजांतून लहान उंदीर आरामात निघून जातो.

पहिली चूक विषाची. दुकानातून निळ्या वड्या आणल्या आणि फडताळामागे टाकल्या. या वड्यांनी रक्त गोठायचं थांबतं, उंदीर लगेच न मरता चार-पाच दिवसांनी मरतो आणि कुठे मरायचं ते तोच ठरवतो. आमच्याकडे भिंतीच्या पोकळीत मेला. नऊ दिवस स्वयंपाकघरात उभं राहवेना. डबे मी शेजारच्या बेनच्या ओट्यावर करून दिले, तिचे उपकार मी विसरणार नाही. काळी पूड मिळते ती तर घरात आणूच नका, ती पोटात गेली की विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. आमच्याकडे चार वर्षांचा नातू आहे. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरही जातं, ते वेगळंच.

मग एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. वर्षाचे चार हजार सांगितले. मी विचारलं, येतात कुठून ते शोधाल का? म्हणाला, ते गवंड्याचं काम. चहा देऊन परत पाठवला. आवाजाचं यंत्र भिंतीत खोचायचं असतं ते भाच्यानं आणून दिलं होतं. त्याच्याच खाली सकाळी लेंड्या मिळाल्या. डांबराच्या गोळ्या आणि पुदिन्याचं तेल याही गोष्टी करून झाल्या. चिकट पुठ्ठा मी लावला नाही आणि लावणार नाही, जीव रात्रभर त्यावर ओरडत राहतो.

चापानं मात्र काम केलं. लाकडी फळीचे सहा चाप घेतले आणि एकाच रात्री सगळे लावले. एक चाप सहा रात्री लावण्यापेक्षा सहा चाप एका रात्री लावावेत. उंदीर मोकळ्या जमिनीवरून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. म्हणून चाप भिंतीशी काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीला टेकलेलं. आमिष म्हणून भाजलेला शेंगदाणा थोड्या गुळात चिकटवून दोऱ्यानं बांधायचा, नुसता ठेवला तर अलगद उचलून नेतो. पहिल्या रात्री चार मिळाले, दुसऱ्या रात्री दोन. मला वाटलं, सुटलो. आठव्या दिवशी परत खुडबुड.

तेव्हा सासूबाईंनी रांगोळी सुचवली. रात्री झोपताना भिंतीच्या कडेनं, दाराच्या फटीशी, मोरीशी आणि माळ्याच्या जिन्यावर पांढऱ्या रांगोळीचा पातळ पट्टा पसरायचा आणि सकाळी उजेडात पावलं बघायची. तोवर मी मोरीच्या भोकावर संशय धरून बसले होते. मोरीशी पट्टा कोरा निघाला. दाराच्या फटीशी थोडी पावलं होती, तिथे पत्र्याची पट्टी ठोकली, तो मार्ग बंद झाला. खरी वर्दळ माळ्यावर होती, पूर्वेच्या भिंतीशी, जिथे आमची तुळई सामायिक भिंतीत शिरते. तुळईचं टोक कुजून आक्रसलेलं आणि भोवती दोन बोटं फट. या उंदराला पाव इंच पुरतं. पेन्सिल जिथून जाते तिथून तो जातो. आधी मी अर्ध्या इंचाची जाळी आणली होती, ती फुकट गेली. जाळी पाव इंचाचीच घ्या.

आमच्या बाजूनं फट बुजवली. तारेच्या घासण्या कोंबल्या, वरून सिमेंट. पाचव्या दिवशी शेजारचा चुना कोरून नवीन भोक. जुना चुना नखानं निघतो, त्यांना दात आहेत. गवंडी म्हणाला, ताई, घर त्यांचं पलीकडे आहे, पलीकडून बंद केल्याशिवाय हे असंच चालणार.

पलीकडचं घर पाच वर्षं बंद. मालक तीन भाऊ, एक पुण्यात, एक अहमदाबादला, एक टोरांटोत, आणि वाटणी झालेली नाही. चावी लहेरीपुऱ्याकडच्या एका कापडाच्या दुकानदाराकडे, तो त्यांच्या वडिलांचा स्नेही. मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेले. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बेन, चावी तो घरे छे. काले आवजो." म्हणजे चावी घरी आहे, उद्या या.

दुसऱ्या दिवशी गेले तर दुकानात मुलगा होता, त्याला चावीचं काही माहीत नव्हतं. तिसऱ्या खेपेला चावी दुकानात होती, मला दिसली, गल्ल्याशेजारी खिळ्याला लटकत होती. पण आता म्हणे भावांना विचारल्याशिवाय दार उघडता येत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे सहा दिवस वाचले असते. डबे पोचवून, उन्हातून, मांडवीकडून चालत जायचं आणि "काले आवजो" ऐकून परत यायचं. रिक्षाचे पैसे मी त्यावर घालणार नव्हते.

पुण्याच्या भावाला फोन केला. तो मोकळेपणानं बोलला. "वहिनी, माझी काही हरकत नाही, पण अहमदाबादला विचारा." अहमदाबादचा म्हणाला, थोरल्याच्या शब्दावर दार उघडलं तर उद्या तो ताबा सांगेल. मी म्हटलं, दादा, ताबा उंदरांनी घेतलाय, तुमचा आणि माझा दोघांचाही. तो गप्प राहिला, मग म्हणाला, धाकट्यानं हो म्हटलं तर बघू. धाकटा फोन उचलेना. दोन आठवडे मी भलत्या वेळी फोन करत होते. आमचे सकाळचे साडेसहा म्हणजे तिकडे रात्रीचे नऊ, हे मुलानं सांगितल्यावर एकदाचा तो भेटला.

या काळात माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू असायचा. उंदराच्या मादीचे दिवस भरायला जेमतेम तीन आठवडे लागतात. एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वेतायला तयार. म्हणजे भाऊ एकमेकांवर ढकलत होते तोवर पलीकडे एक पिढी जन्मून माझ्या तांदळापर्यंत आली होती. कुणाला कळत कसं नाही की हे काम थांबत नाही, रोज वाढतं?

मध्ये गणपती आले. सासूबाईंनी सांगितलं, दहा दिवस चाप नाही, त्याचं वाहन आहे. मी वाद घातला नाही. बारीक जाळीचे दोन पिंजरे आणले आणि ह्यांनी रोज सकाळी स्कूटरवरून काळाघोड्याच्या पुढे विश्वामित्रीच्या बाजूला नेऊन सोडले. गल्लीच्या टोकाला सोडलेला उंदीर परत येतो, लांब न्यावा लागतो. आणि काठाशी उतरू नका, नदीत मगरी आहेत. दहा दिवसांत सात गेले. पिंजरा सकाळी लवकर बघावा, लहान जीव उपाशी फार टिकत नाही.

टोरांटोच्या भावानं शेवटी दोन गोष्टी मागितल्या, लेखी हमी आणि आतला व्हिडिओ. मी त्याच दुपारी साध्या कागदावर लिहिलं: सामायिक भिंतीतलं तुळईभोवतीचं भोक आम्ही आमच्या खर्चानं बुजवणार, त्यापोटी घरावर किंवा भिंतीवर कोणताही हक्क सांगणार नाही, दार उघडताना आणि लावताना चावी सांभाळणारे हजर राहतील. सही, तारीख. कागदाचा फोटो तिन्ही भावांना एकाच वेळी पाठवला. दोन दिवसांत तिघांचाही होकार आला. हा कागद मी पहिल्याच दिवशी लिहून नेला असता! त्यांना उंदरांची पर्वा नव्हती, एकमेकांची भीती होती, आणि ते मला सात आठवड्यांनी समजलं. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी कागद लिहा, मग चावी मागायला जा, आणि सगळ्या मालकांना एकदमच कळवा.

दार उघडायच्या दिवशी कुलूप गंजलेलं. गोडेतेल घालून अर्धा तास गेला. दुकानदार स्वतः आला होता, नाकाला रुमाल लावून. आत माळ्यावर कापसाच्या चार गाद्या कुरतडून पोकळ केलेल्या आणि पत्र्याच्या कोठीत, झाकण अर्धवट, पाच वर्षांपूर्वीची बाजरी. माझ्या घरातल्या एकेका दाण्यासाठी मी डबे बदलत होते आणि पलीकडे ही कोठी उघडी होती. दुकानदार कोठीकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतः दुसरं टोक धरलं आणि गवंड्याबरोबर ती खाली उतरवली. त्यानंतर माझा त्याच्यावरचा राग निम्मा झाला, निम्मा आहे.

गवंड्यानं दोन्ही बाजूंनी काम केलं. आधी तारेच्या घासण्या ठासून, त्यावर पाव इंचाची जाळी खिळ्यांनी पक्की, त्यावर सिमेंटमध्ये कुटलेली काच. काच घालायची पद्धत जुनी आहे, कोरायला गेला तर तोंडाला लागते. कुजलेल्या लाकडावर सिमेंट थेट चढवू नका, ते धरत नाही, जाळी लाकडाला आणि विटेला दोन्हींना ठोकून घ्या. भोकं बुजवल्यावर घरात अडकलेले राहतातच, म्हणून त्याच रात्री सहाही चाप परत लावले. पाच दिवसांत नऊ मिळाले, त्यानंतर शून्य.

खर्च विचाराल तर चाप २४०, पिंजरे ३००, जाळी २२०, सुटं सिमेंट ६०, घासण्या १००, दाराची पत्र्याची पट्टी १५०, गवंडी ७००. एकूण १,७७० रुपये. वाया गेलेली अर्ध्या इंचाची जाळी आणि विषाच्या वड्या यात धरलेल्या नाहीत.

साफसफाईचं आधीच सांगायला हवं होतं. लेंड्या कोरड्या झाडूनं झाडू नका, मी सुरुवातीला तेच केलं. धूळ नाकात जाते. ब्लीच घातलेलं पाणी शिंपडायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग हातमोजे घालून कागदानं पुसून पिशवीत बांधून टाकायचं. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर उंदीर फिरतात तिथल्या पाण्यात अनवाणी उभं राहू नका, दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, याच दिवसांत डोकं वर काढतो. सासूबाईंना १९९४ चा सप्टेंबर आठवतो, सुरतेत प्लेग आला होता तो. त्या धास्तीनं बडोद्यातही तोंडाला रुमाल बांधून लोक फिरत होते, असं त्या सांगतात. त्यामुळे घरात उंदीर दिसला की त्या गप्प बसत नाहीत, आणि रांगोळीची युक्ती सुचली ती त्यांनाच.

धान्य आता पत्र्याच्या आणि स्टीलच्या डब्यांत, प्लॅस्टिकचा एकही डबा जमिनीवर नाही. चावी परत खिळ्याला आहे. पुण्याच्या भावानं दिवाळीत फोन करून विचारलं, गाद्या टाकून दिल्या का. दिल्या म्हटलं, व्हिडिओ पाठवलाय.

दर शनिवारी रात्री मी अजून माळ्यावर पूर्वेच्या भिंतीशी रांगोळीचा पट्टा घालते. मागच्या रविवारी सकाळी त्यावर एका पालीची बारीक रेघ होती. बाकी पट्टा मी पसरला तसाच.