सोलापूरच्या माळावर तंबू लावायचा असेल तर

तंबूच्या सहलीला काय काय न्यावं, याच्या याद्या शेकड्यांनी मिळतात. पण त्यातल्या बहुतेक सह्याद्रीतल्या ओल्या, मऊ, गवताळ पठारांसाठी केलेल्या असतात. तीच यादी घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या माळावर गेलात, की पहिल्या पाच मिनिटांत अडतं. तंबूसोबत मिळालेली ॲल्युमिनियमची बारीक खुंटी मुरमात दोन इंच शिरते आणि वाकते. म्हणून सामान भरायला बसण्याआधी एकच गोष्ट ठरवा: मुक्काम कुठल्या जमिनीवर आहे? निम्मी यादी त्यावरूनच ठरते.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारच्या जमिनी भेटतात. माळरानावर मुरूम किंवा मुरमाड खडक, आणि शिवारात काळं रान. काळी माती वापशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी, असेल तेव्हा खुंटी उत्तम धरते, पण ते दिवस थोडे. पावसात ती इतकी फुगते आणि चिकट होते की खुंटी हाताने उपसून येते. फेब्रुवारीनंतर भेगाळते आणि खुंटी नेमकी भेगेत सैल बसते. मुरमाचा प्रश्न उलटा आहे. एकदा खुंटी शिरली की हलत नाही, पण ती शिरायला हवी.

मुरमासाठी हार्डवेअरच्या दुकानातले ८ इंची लोखंडी खिळे घ्या, साधारण ८ मिलिमीटर जाडीचे. दोन माणसांच्या घुमटाकार तंबूला चार कोपरे, चार ताणदोऱ्या आणि दाराचे दोन मिळून दहा लागतात, बारा न्या. डझनाचं वजन किलोभर होतं, म्हणून पाठीवरच्या प्रवासाला हे जमणार नाही, गाडीने जाताना मात्र दुसरा विचार करू नका. खिळ्याचं डोकं लहान असतं, त्यावरून दोरीचा फासा निसटतो. प्रत्येक खिळ्यात डोक्याखाली एक रुंद वायसर घाला. ठोकायला एक किलोची हातोडी हवी. हाताला लागेल तो दगड घेऊन ठोकलं की एकतर खिळा वाकडा जातो नाहीतर बोट चेचतं. खिळा तिरका ठोका, डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं, म्हणजे दोरी आणि खिळा यांच्यात साधारण काटकोन होईल. प्रत्येक डोक्याला लाल कापडाची चिंधी बांधा आणि निघताना मोजून बाराच्या बारा परत घ्या. रानात राहिलेला खिळा ट्रॅक्टरच्या टायरमध्ये किंवा बैलाच्या खुरात जातो. ज्याच्या रानात आपण राहिलो त्याचं असं नुकसान करून यायचं नाही.

भुसभुशीत काळ्या मातीत किंवा उजनीच्या काठच्या गाळात खिळ्यांचा उपयोग नाही. तिथे खताच्या रिकाम्या गोण्या न्या, चार तरी. गोणीत आठ-दहा किलो दगड-माती भरा, तोंड सुतळीने आवळा, ताणदोरी गोणीच्या मधोमध बांधा आणि फूटभर खड्डा करून पुरून टाका. वाऱ्याच्या दिशेच्या दोन दोऱ्यांना एवढं केलं तरी रात्र निभावते. रिकाम्या गोण्यांना वजन नाही आणि जागाही लागत नाही.

आता काटे. आपल्या माळावर तंबूचा खरा शत्रू पाऊस नाही, बाभळीचा काटा आहे. बाभूळ आणि वेडी बाभूळ यांचे वाळलेले काटे मातीत उभे असतात आणि माणूस झोपला की तंबूच्या तळातून वर येतात. सराट्याचे काटे चपलेच्या तळव्याला चिकटून आत येतात आणि हवेच्या गादीला बारीक भोकं पाडतात. कुसळं तर जाळीत, मोज्यांत, स्लीपिंग बॅगच्या अस्तरात घुसतात आणि पुढचे सहा महिने टोचत राहतात. म्हणून यादीत एक खराटा लिहा. तंबूच्या मापाच्या दीडपट जागा आधी खराट्याने झाडायची, मग जाड बूट घालून त्यावर हळूहळू पाय घासत फिरायचं, उरलेले खडे वेचायचे. या कामाला पंधरा मिनिटं लागतात. हवेची गादी नेणार असाल तर त्याच कंपनीचे पॅच आणि सोल्यूशन बरोबर हवं. माझं मत विचाराल तर या भागात हवेची गादी नकोच, १० मिलिमीटरची फोमची गुंडाळी बरी. ती फाटली तरी गादीच राहते.

तळाखाली अंथरायला जुना फ्लेक्स सगळ्यात चांगला. समारंभ आटोपले की असे फ्लेक्स शहरात सहज मिळतात. ७ बाय ५ फुटांचा तुकडा किलोभर भरतो आणि काटा त्यातून सहसा येत नाही. कापताना एक काळजी घ्या: फ्लेक्स तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच लहान हवा. मोठा राहिला तर वरून ओघळलेलं पाणी त्याच्यावर साठतं आणि थेट तळाखाली येतं. ‘तंबू गळतो’ अशी जी तक्रार असते ती पुष्कळदा या बाहेर आलेल्या कडेची असते.

निघायच्या आठ दिवस आधी तंबू गच्चीवर एकदा पूर्ण लावून बघा. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, कोपऱ्यांना विटा किंवा पाण्याचे कॅन बांधा. प्रत्येक चेन तीनदा उघडा-लावा. अडत असेल तर दातांवर मेणबत्ती घासा, तेल लावू नका, त्याला धूळ चिकटते. कांब, म्हणजे तंबूला आकार देणारी लवचिक काठी, शिवणीच्या बोगद्यात घालताना नेहमी ढकलायची. ओढली की जोड आतल्या आत सुटतात आणि मग फायबरची टोकं कापडाला भोक पाडतात. कांबी घडी करताना मधल्या जोडापासून सुरुवात करा, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण येतो. फायबरची कांब तुटत नाही, उभी चिरते. त्यासाठी कांबीवर जेमतेम बसेल अशी दहा सेंटिमीटरची धातूची नळी आणि चांगली चिकटपट्टी पिशवीत ठेवा: चिरलेल्या जागेवर नळी सरकवायची, दोन्ही टोकं चिकटपट्टीने बांधायची. वरच्या आवरणाच्या आतल्या बाजूला हात फिरवा. चिकट लागलं किंवा पापुद्रे सुटत असतील तर पाणी अडवणारा थर गेला. उन्हाळाभर पत्र्याखालच्या माळ्यावर दमट घडी करून ठेवलेल्या तंबूचं हेच होतं.

हंगाम म्हणाल तर दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. मार्चनंतर दिवसा तंबूत बसणं शक्य नाही आणि एप्रिल-मे हे वळवाचे महिने. वळीव आला की दहा मिनिटांत धुळीचा लोट, वारा, विजा, कधी गारा. त्या काळात राहायचंच असेल तर टेकाडाच्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली तंबू नको, आणि गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी गाडीत जाऊन काचा लावून बसायचं. तंबू विजेपासून काहीच संरक्षण देत नाही. हिवाळ्यात मात्र झाडाचा फायदा घ्या. तंबू झाडाच्या पश्चिमेला लावला की सकाळची सावली त्यावर पडते आणि नऊपर्यंत झोपता येतं. कडुनिंब चालतो, चिंच चालते. बाभळीखाली जाऊ नका.

गड्डा यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या मध्याला, पहाटे पारा १२ ते १५ अंशांपर्यंत उतरतो, पाण्याच्या काठी वाऱ्याने त्याहून गार वाटतं. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ म्हणून दिलेलं बघा, ‘लिमिट’चं नाही. दहा अंशांची बॅग आपल्याकडे पुरते. घरातली सोलापुरी चादर गाडीत घाला, पण अंगाखाली, फोमच्या वर. सुती असल्याने ती दव पिते आणि ओली झाली की जड आणि गार होते, त्यामुळे बाहेर वाळत टाकून विसरू नका. जाड टर्किश टॉवेलही घरीच ठेवा. पंचा तासाभरात वाळतो. रात्री तंबूच्या दोन्ही झडपा चार बोटं उघड्या हव्यात. बंद केल्या तर दोन माणसांच्या श्वासाची वाफ छताला लागून पहाटे ठिबकते, आणि लोक समजतात पाऊस आला.

पाण्याची मोजदाद सोलापूरकराला शिकवायला नको, तरी आकडा लिहून ठेवतो. पिण्याला माणशी दिवसाला ४ लिटर, स्वयंपाक-भांडी-हातपायांना आणखी ३. चार जण दोन दिवस म्हणजे ५६ लिटर: २० लिटरचे तीन जार. उजनीच्या काठी राहिलात तरी पाणी घरूनच न्या. भीमेतून वरच्या शहरांचं सांडपाणी येतं, आणि उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. एका जारला नळ बसवा; तांब्या बुडवून घेण्यात निम्मं पाणी सांडतं.

जेवणाच्या बाबतीत मात्र आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि शेंगापोळी ही तिन्ही बर्फाशिवाय, गॅसशिवाय आठवडाभर टिकतात. कडक भाकरी माणशी जेवणाला दोन धरा. ती पिशवीत भरली तर गावाबाहेर पडेपर्यंत चुरा होतो. रुंद स्टीलच्या डब्यात दोन-दोन भाकरींमध्ये कागद घालून भरा आणि वर पंचा दाबून झाकण लावा. पहिल्या दिवसाला धपाटे, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाऊन संपवा. रात्रीच्या आमटीसाठी घरीच कोरडं मिश्रण करा: माणशी दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट, अर्धा चमचा काळं तिखट, मीठ, सुकं खोबरं. तिथे फोडणी, पाणी आणि एक उकळी, बस. तीत भाकरी कुस्करली की भात शिजवायची गरज नाही आणि गॅस निम्मा वाचतो.

२३० ग्रॅमचा गॅसचा डबा मोठ्या आचेवर साधारण दीड-पावणेदोन तास चालतो. चौघांच्या दोन दिवसांच्या चहा-आमटीला एक पुरतो, दुसरा जोडीला ठेवा. वाऱ्याला आडोसा करा, पण डबा चारी बाजूंनी झाकू नका, तो तापतो. तंबूच्या आत शेगडी अजिबात नाही. आगीची भीती आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे डबे ५० अंशांच्या वर तापू द्यायचे नसतात, त्यामुळे उन्हात बंद गाडीत ठेवू नका. रेल्वेने जाणार असाल तर डबे नेऊच नका, तो गुन्हा आहे. आणि जानेवारीनंतर वाळलेल्या गवतात शेकोटी पेटवू नका. एका ठिणगीने सबंध माळ जातो, त्यातली टिटवी-चंडोलाची घरटी जातात, जनावरांचा चारा जातो.

विंचू-किरडूचा बंदोबस्त सोपा आहे, पण तो रोज करायला हवा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. खडकाळ मुरमात फुरसं असतं. चेन पूर्ण लावलेला तंबू हे यावरचं उत्तम संरक्षण आहे, म्हणून ‘आत्ता आलो’ म्हणून ती उघडी टाकायची नाही. बूट आत ठेवा, सकाळी झटकून घाला. लघवीला उठताना बॅटरी हवी, डोक्याला बांधायची असली तर आणखी बरी. खरकटं तंबूजवळ ठेवू नका. उंदीर येतो आणि त्याच्यामागे साप. दंश झालाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. तो हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा, रेंजच्या भरवशावर राहू नका.

जागेचं थोडक्यात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तंबू नको; वन खात्याच्या परवानगीविना तिथे शिरताही येत नाही, आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याच्या माळावर झोपायला जाऊच नये. किल्ल्यावर मुक्काम करायचा तर आधी परवानगी विचारा. खाजगी रान असेल तर मालकाला भेटा, उभ्या ज्वारीपासून लांब जागा मागा. उजनीच्या काठी पाणी ओसरलेल्या पट्ट्यात गाडी घालू नका: वरून वाळलेला दिसणारा गाळ खाली ओला असतो आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

गाडीत भरताना उलटा क्रम धरा. जे सगळ्यात आधी लागणार ते सगळ्यात शेवटी: खराटा, फ्लेक्स, तंबू, खिळे-हातोडी आणि बॅटरी डिकीच्या तोंडाशी, पाण्याचे जार खाली आणि पुढच्या सीटला टेकून. अंधार पडण्याच्या दोन तास आधी पोचाल असंच निघा. परतल्यावर तंबू आहे तसा माळ्यावर टाकू नका. गच्चीत सावलीला दिवसभर उलटा वाळवा, शिवणीतली कुसळं चिमट्याने काढा आणि पिशवीत कोंबण्याऐवजी सैल घडी करून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा.